पडद्याच्या मागची कावेरी

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला, आणि तरीही मला बोलायला शिकवलं ते चौथीत शाळा सोडलेल्या हबीबभाईंनी. त्यांचं नाव आधी घेतो, मगच पुढे लिहितो. हबीबभाई जालन्याला मस्तगड भागात राहायचे. एका खात्याची फिरती सिनेमागाडी होती, तिच्यावर ते ऑपरेटर होते. त्याच गाडीवर मी निवेदक म्हणून लागलो. बहात्तरचा दुष्काळ सरून दीडएक वर्ष झालं होतं. जालना तेव्हा जिल्हा नव्हता, औरंगाबादचा तालुका होता, आणि माझं गाव कुंभार पिंपळगाव अंबड तालुक्यात मोडायचं.

निवेदक म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायला हवं. आमच्याकडे एक जीप, तिच्यामागे जनरेटर, सोळा मिलिमीटरचं मशीन आणि दोन बांबूंमध्ये ताणायचा पांढरा पडदा. खात्याच्या फिल्मा बियाण्यांच्या, देवीच्या लशीच्या, लहान कुटुंबाच्या. त्या बघायला कोण येणार? म्हणून आधी एक करमणुकीचं चित्र दाखवायचं. ते बहुधा परदेशी असायचं. मग त्यातला आवाज बंद करायचा आणि निवेदकाने माईक घेऊन सगळी गोष्ट मराठीत सांगायची. बाई बोलली की बाईचा आवाज, म्हातारा खोकला की खोकायचं.

आमच्या डब्यांत एक चित्र होतं, हाताने काढलेल्या चित्रांचं, सव्वा तासाचं. डब्यावरची लिपी कोणालाच वाचता येत नव्हती. त्यातली भाषा कोणती, हे कॉलेजातल्या आमच्या प्राध्यापकांनाही सांगता आलं नाही. आम्ही त्याला 'काचेचं घर' म्हणायचो. पृथ्वीवर काहीतरी अरिष्ट आलंय, सगळीकडे अंधार आहे. वर आभाळात एक काचेचं घर तरंगतंय. त्यात एक सात-आठ वर्षांची पोरगी आणि तिला सांभाळणारा एक पत्र्याचा माणूस. बाकी कोणी नाही. पोरगी रोज काचेवरच्या वाफेत बोटाने एक रेघ ओढते आणि खाली बघत बसते. शेवटी एका छोट्या यानात बसून ती पृथ्वीकडे निघते. यान अंधारात उतरतं, दार उघडतं, पडदाभर पांढरा उजेड होतो, आणि चित्र संपतं. दारातून कोणी बाहेर येताना दिसत नाही. बनवणाऱ्यांनी तिथे काय म्हटलं होतं, देव जाणे.

पहिल्या खेळाला मी पुस्तकी मराठीत सुरुवात केली. "बालिका आता काचेवर रेघ ओढीत आहे. यंत्रमानव तिच्याकडे पाहत आहे." लोक दहा मिनिटांत तंबाखू मळायला लागले. खेळ झाल्यावर हबीबभाई रीळ गुंडाळता गुंडाळता म्हणाले, "क्या बी.ए., पब्लिक कू आंखां नहीं क्या? जो दिखता सो कायकू बोलरा? जो नहीं दिखता, वो बोल."

एवढंच. पण त्या एका वाक्यावर मी पुढची नोकरी काढली. रेघ ओढताना दिसते. ती कशासाठी ओढते ते दिसत नाही. मग मी म्हणायला लागलो, "आज बी कुणी आलं न्हाई, मामा." पत्र्याच्या माणसाला मी पत्रेमामा केलं. त्याचा आवाज काढायला रिकाम्या डब्यात तोंड घालून बोलायचो, आणि प्रत्येक वाक्याआधी थोडा थांबायचो. हबीबभाई म्हणायचे की यंत्राला विचार करायला वेळ लागतो असं वाटलं पाहिजे, लोक तेवढ्या वेळात त्याच्यावर माया करतात. दार उघडण्याआधी पूर्ण गप्प राहायचं. ते मशीनच्या पेटीवर बोटाने तीन वेळा टकटक करायचे, तेवढा वेळ.

आणखी एक गोष्ट मला अनुभवाने कळली. त्या पोरीला चेहरा म्हणजे दोन ठिपके आणि एक बारीक रेघ. खऱ्या नटीचा चेहरा तिचाच असतो, तिला बघून आपण म्हणतो ही अमकी. दोन ठिपक्यांची पोरगी कोणाचीही होऊ शकते. तिच्यात बघणारा आपल्या घरचं माणूस घालतो. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. त्याची दुसरी बाजू मला माहीत नव्हती.

लोकही एकेक भेटायचे. आमच्या कुंभार पिंपळगावच्या बाजाराच्या दिवशी खेळ झाला, तेव्हा एका म्हाताऱ्या कास्तकाराने मधेच उठून विचारलं, "ओ मास्तर, ह्यो पत्र्याचा मानूस जातीनं कोन?"

हबीबभाईंनी मशीनमागून उत्तर दिलं, "पत्र्याचा."

"आन् सोयरीक?"

"डब्याशी."

सगळा बाजार हसला. म्हातारा खाली बसला, पण मला ऐकू जाईल असं पुटपुटला, "बरं हाय लेकाचं."

जातीवरून आठवलं. माझ्या लहानपणी असली गाडी आली की आमच्या वस्तीची माणसं पडद्याच्या मागच्या बाजूला बसायची. असा कुठे नियम लिहिलेला नव्हता, पण बसायची. कापडातून चित्र मागूनही दिसतं, फक्त उलटं. उजवा हात डावा होतो. सिनेमातली सगळी माणसं डावखुरी असतात, असं मला चौथीपर्यंत वाटत होतं. आम्ही बौद्ध झालो, मी शिकलो, माईक हातात घेऊन पडद्याच्या पुढे उभा राहिलो. मी प्रत्येक खेळाला म्हणायचो, "मागं बसू नका, म्होरं या, जागा हाय." तरुण पोरं येत. बाया मात्र पुष्कळ वेळा मागेच राहात. कोणाची भीती होती, कोणाची सवय.

आता माझी चूक सांगतो.

पोरीला नाव लागतं. दर गावात मी तिला वेगळं नाव द्यायचो, आणि शेवटी यान उतरताना म्हणायचो, "आली! कुठं उतरली म्हाईत हाय का? तुमच्याच गावात!" मग गावातली एखादी जागा सांगायची. वडाचा पार, चावडी. सगळी पोरं झपकन मागे अंधारात वळून बघायची. हा माझा हुकमी डाव होता. हबीबभाईंची एकच अट होती. गावातल्या कोणा पोरीचं नाव द्यायचं नाही, नाहीतर तिला आयुष्यभर चिडवतील. म्हणून मी खेळाआधी शाळेत जायचो, हजेरीपट बघायचो, आणि जे नाव त्यात नाही ते घ्यायचो.

अंबड तालुक्यातलं ते गाव. नाव मुद्दाम देत नाही. गुरुजी महिन्याभरापूर्वीच बदलून आलेले. त्यांनी हजेरीपट पुढे केला. मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. कावेरी नव्हती. कावेरी घेतली. गुरुजींना विचारलं, गावात सांगण्यासारखी जागा कोणती? ते म्हणाले, जुनी बारव आहे, पायऱ्या चांगल्या आहेत.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. पोरगी काचेजवळ आली आणि मी माईकवर बारीक आवाजात म्हणालो, "मामा, कावेरीला भूक लागली."

समोरची दीडशे माणसं एकदम गप्प झाली. गोष्ट रंगली की लोक गप्प होतात, ते मला ओळखू येतं. हे तसं नव्हतं. पोरांनी आयांच्या पदरात तोंडं घातली. एक माणूस उठला, माझ्याकडे बघितलं, परत बसला. मी आपला बोलत राहिलो. मला वाटलं, आज आवाज छान लागलाय. पडद्यामागून एका बाईचा आवाज आला. रडण्याचा नव्हे. कोणी हाक मारली की आपण "ओ" म्हणतो, तसा.

शेवटी मी म्हणालो, "कावेरी आली. तुमच्याच गावात. बारवेच्या पायऱ्यांवर उतरली." एकही पोर मागे वळलं नाही.

पडदा सोडताना हबीबभाई म्हणाले, "पब्लिक आज बराबर नहीं थी, बी.ए. कुछ तो हुआ." काय ते आम्हाला कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना पोटात कळ आली, औरंगाबादला दवाखान्यात न्यावं लागलं, हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. गाडीवर मी आणि ड्रायव्हर गणपत एवढेच राहिलो. गणपतला मशीन चालवता येत होतं, जेमतेम.

आठ दिवसांनी अंबडला आम्ही मुक्काम केला होता, तिथे एक माणूस मला शोधत आला. पायात चप्पल नाही, डोक्याला पंचा. म्हणाला, "पिच्चरमधी बोलनारे तुम्हीच का? म्या किसन. कावेरीचा चुलता."

मी विचारलं, "कोण कावेरी?"

तो खाली बसला आणि सांगायला लागला.

कावेरी त्याच्या भावाची मुलगी. दुष्काळात आईबरोबर खडी फोडायच्या कामावर गेली होती. एक दिवस पाण्याचा टँकर आला नाही. दुपारी पोर आईच्या पाटीशेजारी झोपली ती उठलीच नाही. पुढच्या साली हजेरीपट नवा झाला, त्यात तिचं नाव चढलं नाही. मी नेमकं तेच रिकामं नाव उचललं होतं.

"वहिनी पडद्याच्या मागं बसली व्हती," किसन म्हणाला. "तिला म्हनं पोरगी डाव्या हातानं रेघा वढताना दिसली. आमची कावेरी डावरी व्हती, साहेब. डाव्या हातानं खायची. वहिनी तिला चिमटे काढायची, मारायची त्याच्यापायी."

मला पडद्याची मागची बाजू आठवली. पुढून बघणाऱ्या सगळ्या गावाला ती पोरगी उजव्या हाताचीच दिसली होती. फक्त तिच्या आईला डावरी दिसली.

"आता ती दिवसभर बारवंवर बसून राह्यली. खात न्हाई. म्हनती, मास्तरानं सांगितलंय, हितंच उतरली. परवा पान्यात पाय सोडून बसली व्हती. इचारलं तर म्हनं, पोरगी उतरताना पडंल, धराया पायजे. बारवंला तीन पुरूस पानी हाय, साहेब."

मी म्हणालो, "मी येतो, तिला सांगतो की ही नुसती गोष्ट आहे. चित्रं आहेत, खोटं आहे."

किसन जरा चिडला. "ते आमी सांगितलं न्हाई का? पोरगी मेली हे तिला बी म्हाईत हाय. मातीत तिनंच ठिवली. तुमचं खोटं आमाला नको. तुम्हीच आनली ना? मंग तुम्हीच परत न्या."

मी त्याच दिवशी गणपतला घेऊन त्या गावी गेलो. द्वारकाबाई, म्हणजे कावेरीची आई, बारवेच्या चौथ्या पायरीवर बसली होती. पस्तिशीची असेल. खालच्या पाण्याचा उजेड तिच्या तोंडावर हलत होता. माझी चाहूल लागली तरी तिने मान वळवली नाही. मी म्हणालो, "आई, मी सिनेमावाला."

ती म्हणाली, "वळकलं. आवाजावरून." मग पाण्याकडे बघतच म्हणाली, "तितं तिला डाव्या हातानं खाऊ देत्यात. म्या बघितलं. त्यो मामा मारत न्हाई."

 हबीबभाई असते तर काय केलं असतं, याचा मी बारवेवरच बसून विचार केला. गणपतला विचारलं, मशीन उलटं चालतं का? तो म्हणाला, खटकी आहे, पण कधी ओढली नाही.

पुढे जे झालं ते मी त्याच दिवशी हबीबभाईंना लिहून कळवलं. त्यांच्या माघारी त्यांच्या मुलीने पेटीतून काढून ते पत्र मला परत दिलं. आज नव्याने लिहायला बसलो तर त्यात शहाणपणा घालेन, म्हणून जसंच्या तसं देतो. त्यानंतर मी कोणत्याही गावात "तुमच्याच गावात" हे शब्द उच्चारले नाहीत, एवढंच आधी नोंदवून ठेवतो.

अंबड, रविवार

हबीबभाई, सलाम.

तुमचं ऑपरेशन नीट झाल्याचं ऑफिसातून कळलं. टाके सुकेपर्यंत काही उचलू नका. इकडे मी तुम्हाला न विचारता एक काम केलं आहे, ते सांगतो. रागवायचं असेल तर आल्यावर रागवा.

त्या बारवेच्या गावात कावेरी नावाची पोर दुष्काळात खरंच मेली होती, आणि आपला खेळ बघून तिची आई द्वारकाबाई बारवेवर बसून राहिली होती, हे तिचा दीर किसन मला सांगायला आला. तिथे आज दुपारी मी पुन्हा खेळ लावला. शाळेची एक खोली घेतली, खिडक्यांना घोंगड्या लावल्या, पडदा खोलीच्या मधोमध बांधला. पुढे गुरुजी आणि गावातले चार लोक. द्वारकाबाई मागे जाऊन बसल्या. मी म्हणालो, आई, म्होरं बसा, आता कोण अडवतंय? त्या म्हणाल्या, "म्होरून ती माझी न्हाई. म्होरून ती दुसऱ्याची हाय." म्हणून मी माईक ठेवला आणि मागे त्यांच्याजवळ जाऊन बसलो. डबाही नेला नाही. साध्या आवाजात बोललो.

शेवटचं रीळ लावलं. यान उतरलं, दार उघडलं, पांढरं झालं. तुमच्यासारखी टकटक करायला कोणी नव्हतं, मी मनात मोजलं. मग म्हणालो, "कावेरी उतरली. पायऱ्यांवर बसली. तिनं वस्ती बघितली, घर बघितलं. तुम्ही पानी भरत व्हता, तुम्हाला बघितलं. पन काचेच्या घरात वाढलेल्या पोरीला हितली हवा सोसत न्हाई. तिला दम लागला. ती म्हनली, मामा, मला घेऊन जा."

आणि गणपतला खूण केली. त्याने खटकी ओढली.

हबीबभाई, आपण ते चित्र इतक्या वेळा दाखवलं, पण उलटं कधी पाहिलं नव्हतं. उजेड दारात शिरला. दार मिटलं. यान मागच्या मागे वर गेलं, बारीक झालं. मग तो लांब बोळ येतो ना, जिथून पोरगी पत्रेमामाला सोडून यानाकडे धावत येते? उलटं चालवल्यावर ती उलट्या पावलांनी परत जाते, तोंड आपल्याकडेच. सबंध बोळभर आपल्याकडे बघत बघत ती लांब जाते.  मी बोलायचंच विसरलो.

तेवढ्यात द्वारकाबाईंनी मला विचारलं, "तितं पानी हाय का?"

तुम्ही म्हणता, जे दिसत नाही ते बोल. त्या चित्रात पाणी कुठेच नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी म्हणालो, "पत्रेमामा रोज भरून ठेवतो. रांजणभर." त्यांनी परत विचारलं नाही.

मग गणपतचा हात आवाजाच्या बटणाला लागला. पोरीचा खरा आवाज आला, त्या परक्या भाषेतला, तोही उलटा. श्वास आत ओढत कोणी बोलावं तसा. पुढून खुर्ची पडल्याचा आवाज झाला, गुरुजी बाहेर गेले. गणपतने घाबरून बटण बंद केलं. द्वारकाबाईंनी मात्र दोन वेळा मान हलवली, काहीतरी समजलं म्हणून हलवतात तशी. काय समजलं, ते मी विचारलं नाही. 

बोळाच्या टोकाला पत्रेमामाचा हात तिच्या खांद्यावर आला. तिथे मी मशीन थांबवायला सांगितलं.

घोंगड्या काढल्या. द्वारकाबाई म्हणाल्या, "गेली."

मी म्हणालो, "हौ, गेली."

"परत कवा आनता?"

 मला वाटलं सगळं फुकट गेलं, ही बाई उद्या पुन्हा बारवेवर. खोटं बोलायचा धीर संपला होता, म्हणून खरं ते सांगितलं. "आई, गाडी वर्षातनं एकदाच येती."

 त्या म्हणाल्या, "बास की. नांदायला दिल्याली लेक तरी कुटं जास्त येती."

आणि उठल्या. पदर झटकला. किसनला विचारलं, "भावजी, दळन आनलं का? का तसंच पडलंय गिरनीत?" आणि त्याच्याबरोबर घरी गेल्या. मी संध्याकाळपर्यंत बारवेजवळ थांबलो. त्या आल्या नाहीत. निघायच्या वेळी किसन आला, म्हणाला, भाकर खाल्ली.

मी बरोबर केलं की नाही, मला कळत नाही. तुम्ही आल्यावर सांगा. पण हबीबभाई, पुढल्या सालचा रूट तुम्ही बसवाल तेव्हा या गावाचं नाव गाळू नका. माझी बदली झाली, तर जो निवेदक येईल त्याला सांगा: इथे चित्र संपल्यावर शेवटची सात मिनिटं उलटी चालवायची, आणि पडद्याच्या मागे जाऊन बसायचं.

तुमचा,
उत्तम